आयोसेफ सोलो जी3: आगीत अर्धा तास, पाण्यात तीन दिवस, आणि चोराचं काय?

कागदपत्रांसाठीच्या अग्निरोधक तिजोरीत बॅकअपची हार्ड डिस्क ठेवू नका. अशा तिजोऱ्यांची नेहमीची पातळी यूएल 72 या अग्निरोधक चाचणीच्या मानकातला 'वर्ग 350' ही असते. म्हणजे बाहेर आग असताना आतलं तापमान 350 अंश फॅरनहाइटच्या, सुमारे 177 सेल्सिअसच्या आत राहतं. कागद तेवढ्यात जळत नाही. हार्ड डिस्कची मर्यादा मात्र बंद अवस्थेतही साधारण 70 सेल्सिअसच्या आसपासच असते. डिस्कसाठी 'वर्ग 125' ची, म्हणजे आत 52 अंशांपर्यंतच जाऊ देणारी तिजोरी लागते. ती जड आणि महाग असते, शिवाय दर वेळी डिस्क आत-बाहेर करावी लागते. आठवड्यात कंटाळा येतो आणि डिस्क टेबलावरच राहते.

सोलो जी3 ही आग आणि पाणी सोसणाऱ्या कवचातली बाह्य हार्ड डिस्क. तिची खरी किंमत इथे कळते. डिस्क कवचाच्या आतच असते आणि यूएसबी 3.0 ने कायम जोडलेली राहते. भोवतीच्या इन्शुलेशनमध्ये रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी असतं. आगीत त्याची वाफ होते आणि वाफेबरोबर उष्णता बाहेर जाते. त्याच्या आत डिस्कभोवती जलरोधक आवरण आहे. कंपनीचा दावा असा: एएसटीएम ई119 या आगीच्या प्रमाणित चाचणीनुसार 843 अंश सेल्सिअसपर्यंत 30 मिनिटं, आणि 10 फूट पाण्यात 72 तास. ई119 च्या चाचणीत भट्टी 5 मिनिटांत 538 आणि 30 मिनिटांत 843 अंशांवर जाते, म्हणजे पूर्ण अर्धा तास 843 अंश नसतात. अग्निशमन दल लवकर पोहोचणार असेल तर हे पुरेसं आहे. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास धुमसणाऱ्या आगीची हमी यात नाही.

72 तासांचं गणितही तपासून घ्या. ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरच्या कित्येक भागांत पाणी तीन दिवसांहून जास्त काळ होतं. तळमजल्यावर राहत असाल तर डबा जमिनीलगत न ठेवता उंचावर ठेवा.

चोरीच्या बाबतीत डबा एकटा पुरत नाही. वजन जेमतेम सात किलो, एका हातात उचलून नेता येतं. बोल्टने तो जमिनीला किंवा भक्कम फर्निचरला पक्का करा. पण बोल्ट चोराचा फक्त वेळ खातो, माहिती झाकतं ते एन्क्रिप्शनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारं रूप. ते डिस्क भरण्याआधी करा: विंडोजच्या बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीत कोऱ्या डिस्कवर 'फक्त वापरलेली जागा' हा पर्याय घेतला तर काम काही क्षणांत होतं, भरलेली डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट करायला कित्येक तास जातात. विंडोज होममध्ये ही सोय नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर वापरा. मॅकवर टाइम मशीन या बॅकअपच्या सोयीतच एन्क्रिप्शनचा पर्याय आहे. बिटलॉकरची 48 अंकी रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारा आकडा, छापून दुसऱ्या घरी ठेवा. ती त्याच कपाटात जळाली आणि पासवर्डही आठवला नाही, तर आगीतून डिस्क वाचूनही उघडणार नाही. आपल्या लॅपटॉपला जोडताच पासवर्डशिवाय डिस्क उघडणारा 'ऑटो-अनलॉक' बंदच ठेवा, कारण चोर लॅपटॉप आणि डबा दोन्ही नेतो.

पहिला बॅकअप रात्री लावा. सेकंदाला 100 एमबी धरले तर 2 टीबीला साडेपाच तास लागतात. डिस्क जाड कवचात बंद असल्याने या काळात क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघत राहा. 50 च्या वर जाऊ लागलं तर कॉपी थांबवा आणि डबा भिंतीपासून दूर सरकवा.

एक मोठी उणीव मात्र कुठलंही कवच भरून काढत नाही. डिस्क कायम जोडलेली असल्यामुळे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर बॅकअपही त्याच्या तावडीत सापडतो. म्हणून दुसरी, साधी पोर्टेबल डिस्क घ्या, तीही एन्क्रिप्ट करा आणि महिन्यातून एकदा अद्ययावत करून नातेवाइकांकडे ठेवा. दोन्हींचा खर्च झेपत नसेल, तर आधी ही साधी डिस्क घ्या, सोलो जी3 नंतर.

आगीतून डबा बाहेर आला तर पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नका. पाण्यातून निघाला असेल तर जोडून बघण्याचा मोह टाळा, वीज न देता सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.