लहानपणीचा 'मिस्ट' पुन्हा खेळायचाय, पण कोणता घ्यावा?

'मिस्ट' म्हणजे निर्जन बेटावर फिरत कोडी सोडवायचा कॉम्प्युटर गेम. तो आज विकत घ्यायला गेलं तर नाव एक आणि गेम तीन निघतात. पहिला 'मिस्ट: मास्टरपीस एडिशन', म्हणजे १९९३ च्या मूळ गेमचीच २००० साली सुधारलेली आवृत्ती. दुसरा २०१४ चा 'रिअलमिस्ट: मास्टरपीस एडिशन'. तिसरा नुसता 'मिस्ट', जो २०२० मध्ये व्हीआर हेडसेटवर आणि २०२१ मध्ये पीसीवर आला. 'मास्टरपीस एडिशन' हे शब्द दोघांच्या नावात आहेत, त्यामुळे पैसे भरण्याआधी पूर्ण नाव वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. लहानपणी खेळला असाल आणि तेच बेट पुन्हा हवं असेल, तर २००० ची आवृत्ती घ्या. कधीच खेळला नसाल, किंवा कुणाला पहिल्यांदा खेळायला द्यायचा असेल, तर २०२१ चा घ्या. मधला 'रिअलमिस्ट' मी फार थोड्यांना सुचवेन.

मूळ गेम रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या 'सायन' कंपनीने अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन भागात बनवला, तोही मॅकवरच्या हायपरकार्डमध्ये. हायपरकार्ड म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा: एका पत्त्यावर एक चित्र, क्लिक केलं की पुढचा पत्ता. 'मिस्ट'मध्ये अशी सुमारे २,५०० चित्रं आहेत. चालणं नाही, फक्त एका चित्रातून दुसऱ्यात जाणं. ही त्या काळच्या कॉम्प्युटरची मर्यादा होती हे खरं, पण कोडी त्याच मर्यादेच्या अंगाने रचली गेली. प्रत्येक चित्राची चौकट कुणीतरी विचार करून लावलेली आहे. वाचनालयातला टॉवरचा नकाशा, धक्क्याजवळचा खटका, तारांगणातली खुर्ची, यांतल्या कुठल्याही गोष्टीसमोर आलात की तुमची नजर नेमकी तिथेच थांबवली जाते. वेळेचं बंधन नाही, शत्रू नाही, मरण नाही. चित्र स्थिर आहे म्हणून तुम्हीही स्थिर होता आणि बारकावे दिसू लागतात. लहानपणी या गेमने जी एकाग्रता लावली ती इथून आली, असं मला मनापासून वाटतं.

२०२१ च्या गेममध्ये ही चौकट गेली. हवं तिकडे चाला, मान वर करून झाडांचे शेंडे बघा, पायऱ्यांवर थांबा. अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बांधलेलं हे बेट अतिशय सुंदर आहे. जुन्या आवृत्तीचा एक खरा दोषही इथे निघून गेला. जुन्यात क्लिक केलं की कधी काटकोनात वळायचं, कधी एकदम पाठमोरं व्हायचं. त्यामुळे आपण कुठे उभे आहोत हेच कळेनासं व्हायचं. बेटावरचे आठही खटके सापडले की एखादा राहिला, याचा गोंधळ बहुतेकांना आठवत असेल. नव्यात दिशा आपोआप ध्यानात राहते. चॅनेलवूड या युगातल्या (बेटावरून पुस्तकांतून जिथे पोहोचायचं त्या जगांना गेममध्ये 'युग' म्हणतात) झाडांवरच्या वाटा आणि पाण्याचे नळ तर नव्यातच खऱ्या अर्थाने समजतात: खाली झडप फिरवली की पाणी कुठल्या फाट्याने जाईल, हे पाइपच्या बाजूने चालत जाऊन बघता येतं.

मग परत येणाऱ्याला मी जुना का सुचवते? कारण नव्यात नजर कुठे ठेवायची हे तुम्हीच ठरवता. आठवणीतलं एखादं दृश्य शोधत त्या जागी गेलात तरी तो कोन जुळत नाही. जागा तीच असते, चित्र मात्र ते नसतं.

पाठ असलेल्या उत्तरांचा प्रश्न वेगळा आहे. जुन्या गेममधले आकडे आणि खुणा कायम त्याच असतात. शेकोटीच्या पटावरची नक्षी डोक्यात पक्की असेल तर सगळा गेम काही मिनिटांत उरकतो; शेवट गाठायला एकही 'युग' पालथं घालावं लागत नाही. २०२१ च्या गेममध्ये कोडी दर वेळी बदलण्याची सोय आहे. सेटिंगमध्ये ती चालू केलीत तर आकडे नवे येतात आणि जुनी वही निरुपयोगी ठरते. सगळं पाठ असलेल्या माणसाला हे एकच कारण नवा गेम घ्यायला पुरेसं आहे.

आवाजाची कोडी मात्र अवघड आहेत. बेटावरच्या रॉकेटमध्ये एका टोकाला सुरांच्या पट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला सरकवायचे दांडे, म्हणजे ऐकलेला सूर मनात धरून चालत जायचं. घरात पेटी असेल तर ते पाच सूर आधी तिच्यावर शोधून घ्या. कान तयार नसलेल्यालाही मग जमतं. पुढे सेलेनिटिक युगातल्या भुयारी गाडीत दिशा आवाजावरून ओळखायच्या असतात. त्या आवाजांचा अर्थ यांत्रिक युगात फिरता किल्ला चालवताना शिकवलेला असतो. म्हणून यांत्रिक युग आधी करा. गेम हा क्रम सांगत नाही आणि तो न कळल्यामुळे कित्येकांनी त्या भुयारात गेम सोडला. हेडफोन लावाच.

सिरस आणि अकेनार या दोन भावांबद्दल माझा आग्रह आहे. लाल आणि निळ्या पुस्तकांत कैद झालेले हे दोघे मूळ गेममध्ये खऱ्या व्हिडिओत दिसतात. ते मिलर बंधूंनी स्वतःच साकारले आहेत. आधी नुसती खरखर, मग एकेक पान मिळेल तसा चेहरा स्पष्ट होत जातो. नव्यात त्यांच्या जागी त्रिमितीतली पात्रं आहेत आणि ती त्या व्हिडिओंइतकी अंगावर येत नाहीत. सेटिंगमध्ये मूळ व्हिडिओ निवडता येतात. ते आधी निवडा आणि मगच खेळायला बसा.

'रिअलमिस्ट'मध्येही मोकळं फिरता येतं, दिवस-रात्र बदलते, आणि जुन्यासारखं क्लिक करत जाण्याचा पर्याय आहे. शिवाय राइम हे बर्फाळ युग त्यात आहे, जे मूळ गेममध्ये नव्हतं. पण राइम २०२४ मध्ये २०२१ च्या गेमलाही मोफत जोडलं गेलं, त्यामुळे 'रिअलमिस्ट' घेण्याचं मोठं कारण संपलं. लॅपटॉप नव्या गेमला झेपत नसेल आणि मोकळं फिरायचंच असेल, तर हा घ्या.

लॅपटॉपचा विचार सगळ्यांनीच करायला हवा. २०२१ च्या गेमला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. २००० ची आवृत्ती ऑफिसच्या साध्या यंत्रावरही चालते, आणि विंडोजवर अडली तर स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रॅममधून सुरू होते. घरात जुनी सीडी सापडली तर तिच्यातल्या फायलीही स्कमव्हीएममध्ये चालवून बघा. मात्र १९९३ च्या गेममध्ये फक्त २५६ रंग होते, तेव्हा सीडीवर ती आवृत्ती निघाली तर चित्रं खडबडीत दिसतील. व्हीआर हेडसेट आधीपासून असेल तर २०२१ चा गेम त्यात जरूर बघा, पण यासाठी म्हणून हेडसेट घेऊ नका.

कुठलाही घेतलात तरी शंभर पानी वही आणि पेन्सिल जवळ ठेवा आणि वाचनालयातल्या न जळालेल्या पुस्तकांतल्या आकृत्या हाताने उतरवून घ्या. मोबाइलवर फोटो काढले तर ते पुन्हा उघडून बघितले जात नाहीत. आणि पुढे 'रिव्हन' हा 'मिस्ट'चा पुढचा भागही खेळणार असाल तर निवड उलटी होते: १९९७ चा पाच सीडींचा मूळ गेम पाठ असला तरी २०२४ ची नवी आवृत्ती घ्या, कारण तिच्यात कोडीच बदलली आहेत.