मांजराचं सलाइन: दवाखान्यात की घरी, बाटलीनं की सिरिंजनं?

मांजराचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, वाढलेलं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, "एक दिवसाआड कातडीखाली सलाइन द्यावं लागेल," की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं दवाखान्यातच न्यायचं, दुसऱ्याचं म्हणणं शिकून घेऊ आणि घरीच देऊ. शेजारच्या काकूंचं तिसरंच: "मांजराला सलाइन? इथं माणसाला डॉक्टर मिळंना झालाय!" ते कानाआड करावं.

माझं मत आधीच सांगते. सुरुवातीचे काही डोस दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखाली स्वतःच्या हातानं द्या. हात बसला की घरी. या सलाइननं किडनी बरी होत नाही. बिघडलेल्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी बाहेर जात राहतं आणि मांजर कितीही प्यायलं तरी तूट पडते. ती तूट भरायची, बस्स. म्हणजे हे काम महिनोन्‌महिने चालणार. बेळगावात टिळकवाडी-शहापूरला राहणाऱ्याला रिक्षानं जमून जाईल. खानापूरच्या पलीकडच्या गावातल्या माणसानं जुलैच्या पावसात पिंजरा घेऊन एसटीची वाट किती बघायची? निपाणीकरांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तरी एक दिवसाआड तेही परवडत नाही. शिवाय दवाखान्यातल्या कुत्र्यांना घाबरलेलं मांजर घरी येऊन पलंगाखाली जाऊन बसतं आणि जेवत नाही. किडनीच्या मांजराचं जेवण चुकलं की सलाइननं कमावलेलं तिथंच जातं.

पण काही वेळा घरचा हट्ट सोडायचा. सारख्या उलट्या, उभं राहवत नाही, अंग गार पडलंय, अशा मांजराला शिरेतून सलाइन लागतं. कातडीखालचं पाणी शोषलं जायला तास-तास लागतात. बोका लघवीला बसतोय आणि थेंब येत नाही, तर मार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा सलाइनला हात न लावता तडक दवाखाना. हृदयाचा त्रास असलेल्या मांजराचं प्रमाणही डॉक्टरांनीच ठरवायचं, कारण जादा पाणी छातीत साठतं. घरी सुरू करण्याआधी ते गाढ झोपलेलं असताना मिनिटाचे श्वास मोजून लिहून ठेवा. तीसच्या आत असायला हवेत. पुढे आकडा चढू लागला तर पुढचा डोस थांबवून फोन करा.

आणि मुळात सलाइन लागतंय का, हेही विचारा. क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 म्हणजे आजाराची दुसरी पायरी, 2.9 ते 5.0 तिसरी. दुसऱ्या पायरीवरचं, नीट खाणारं-पिणारं मांजर पुष्कळदा ओल्या खाण्यात पाणी कालवून आणि घरात दोन-तीन ठिकाणी वाट्या भरून ठेवून निभावतं.

आता बाटली. मेडिकलात नुसतं 'सलाइन' मागितलं तर काहीही हातात येईल. कातडीखाली द्यायला साधारणपणे आरएल, म्हणजे रिंगर लॅक्टेट, बरं. त्यात लिटरला सोडियम सुमारे 130 मिलीइक्विव्हॅलंट आणि थोडं पोटॅशियम असतं. एनएसमध्ये, म्हणजे नॉर्मल सलाइनमध्ये, सोडियम 154, पोटॅशियम शून्य, आणि ते कातडीखाली जरा चुरचुरतं. तरी एखाद्या मांजराच्या रक्तात पोटॅशियम चढलेलं असेल तर डॉक्टर एनएसच लिहितात, तेव्हा चिठ्ठीबाहेर जाऊ नका. आपल्याकडे 'ताकदीचं' म्हणून ग्लुकोजची बाटली मागायची सवय आहे. ती मांजराच्या कातडीखाली अजिबात नको. गाठी होतात, पू धरतो.

द्यायचं कशानं? शांत बसणारं मांजर असेल तर ड्रिप सेट. बाटली खिडकीच्या गजाला टांगली की दोन्ही हात मोकळे राहतात आणि एकटं माणूस काम उरकतं. जितकी उंच बाटली, तितकी धार जोरात. बाटली चेपत जाऊन धार मंदावली तर सेटचं हवेचं झाकण उघडं आहे का बघायचं. अंदाजाचा गोंधळ नको म्हणून बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनानं खूण करा. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण 75 ते 150 मिली सांगतात.

सिरिंजचं उलट. 50 मिलीची सिरिंज आणि स्कॅल्प व्हेन, म्हणजे बारीक नळी जोडलेली सुई, लावली की माप चोख आणि काम झटपट, म्हणून चुळबुळ्या मांजराला हीच बरी. पण एक माणूस धरायला, एक दाबायला लागतो. जोरात दाबलं की कातडी ताणून मांजर उसळतं. पुन्हा भरताना दरवेळी बाटलीत सुई घालावी लागते आणि जंतू शिरायची वाट तीच. घरात दुसरं माणूस नसेल तर सिरिंजच्या भानगडीत पडू नका.

सुईच्या बाबतीत लोक बारीक सुई म्हणजे कमी त्रास असं धरून चालतात. बारीक सुईनं धार इतकी हळू येते की मांजराचा धीर सुटतो. ड्रिपला 18 नंबर, फारच किंचाळत असेल तर त्याहून बारीक 20. काउंटरवर नंबरच सांगा, रंग नको: 18ची सुई गुलाबी, तर शिरेत ठेवायच्या कॅन्युलात गुलाबी म्हणजे 20.

बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, मनगटावर थेंब टाकून बघा. मायक्रोवेव्ह नको. मांजराचं तोंड तुमच्यापासून पलीकडे, दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते. सुईचं तिरपं तोंड वर ठेवून त्यात घाला, पार पलीकडे निघू देऊ नका. केस ओले झाले तर समजा सुई आरपार गेली. झाल्यावर उंटासारखा फुगा दिसेल, तो ओघळून पुढच्या पायाकडेही उतरतो. दुसऱ्या दिवशीही तिथंच राहिला तर नवा डोस न देता डॉक्टरांना विचारा.

सुई दरवेळी नवी. आरएलमध्ये जंतू रोखणारं काही नसतं, म्हणून उघडलेली बाटली किती दिवस वापरायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गढूळ दिसली की टाका. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात तर बाटली पत्र्याखाली ठेवूच नका. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून पुढच्या तपासणीला जाताना दवाखान्यातच द्या, घंटागाडीत नकोत.