जुन्या हॉर्नेटला स्पीड कंट्रोलर कोणता: तांब्याच्या पट्ट्यांचा की इलेक्ट्रॉनिक?

माळ्यावरून जुनी आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी खाली काढली की पहिले चार-आठ दिवस बॉडी, टायर आणि स्टिकर यातच जातात. ते काम सोपं. टामिया या जपानी कंपनीने हॉर्नेट ही गाडी 1984 मध्ये काढली आणि 2004 मध्ये पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. अडायला होतं ते पुढे: मोटारला किती करंट द्यायचा ते ठरवणारा मूळचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर साफसूफ करून तोच चालवायचा, की काढून ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, लावायची? मी दोन्ही करून पाहिलंय. कुठे केलं तेही सांगतो, रत्नागिरीत, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवरच्या घरात. निम्मा निकाल या पत्त्यानेच लावला.

गाडी काकांची. ते बोटीवर होते, सिंगापूरहून आणली. पुढे ती पंचवीसेक वर्षं माळ्यावर पडून होती, आत सेल तसेच ठेवून. उघडली तेव्हा रिसीव्हरच्या (रिमोटचा संदेश पकडणाऱ्या भागाच्या) सेलच्या डबीत पांढरी पूड जमली होती. अल्कलाइन सेलची असेल तर लिंबाच्या रसाने निघते. आमच्याकडे तांब्याची भांडी आगळाने लखलखतात म्हणून मी आधी तेच घेऊन बसलो होतो. आगळात मीठ असतं हे वेळेवर आठवलं, नाहीतर उरलेलं गंजवायचं कामही मीच केलं असतं. लिंबानंतर साध्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायला मात्र विसरू नका.

आणखी एक गोष्ट दोन्ही पर्यायांच्या आधी करायची. सेलच्या डबीकडून येणारी काळी वायर सोलून बघा. वरून धडधाकट दिसते, आत तांबं कोळशासारखं काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जायचं. माझी चार इंच कापली, तरी नाही. शेवटी पूर्ण वायर बदलली. हे न करता कंट्रोलरला दोष देणारे बरेच जण पाहिलेत, त्यात पहिला मी.

आता मूळ कंट्रोलर. खरं सांगायचं तर यंत्र म्हणून मला तोच जास्त आवडतो. सर्व्होचा, म्हणजे रिमोटच्या हुकमाने फिरणाऱ्या छोट्या मोटारीचा, दांडा फिरतो, तांब्याच्या पट्ट्यांवरून संपर्काची पट्टी सरकते, खालच्या पायऱ्यांना करंट तो कमी करणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिक रेझिस्टरमधून जातो आणि शेवटच्या पायरीला थेट मोटारला. झाकलेलं काही नाही. बिघडला तर डोळ्यांना दिसतं काय बिघडलंय, आणि दुरुस्तीला खोडरबर पुरतं. ट्रिगर ओढला की सर्व्होची चिर्रर, मग टक, टक, आणि गाडी सुटते. हा आवाज ईएससीत नाही आणि तो नसल्याचं मला अजून जाणवतं.

पण आमची हवा. ताक पितळेच्या भांड्यात राहिलं की कळकतं, तशा या पट्ट्या आमच्याकडे नुसत्या हवेने कळकतात. रविवारी घासून चकचकीत केलेली पट्टी पुढच्या रविवारी कडेने हिरवट. पावसाळ्यात तर आठवडाही जात नाही. मग गाडी अशी चालते: पहिल्या पायरीला ढिम्म, दुसरीला उचकी, तिसरीला एकदम सुसाट. समोर कुणाचं पोर उभं असेल तर काळजाचं पाणी होतं.

उपाय म्हणून पट्ट्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला. हिरवं येणं थांबलं खरं. पण गाडी चालवायची कुठे? वर चंपक मैदानाकडे गेलो तर जांभ्याची लाल धूळ, खाली मांडवीला गेलो तर काळी वाळू. ही काळी वाळू लोहाची. मोटारच्या चुंबकाला अशी चिकटते की मोटारला मिशा फुटल्यासारख्या दिसतात. दोन्ही व्हॅसलिनमध्ये बसतात आणि त्याचा काचकागद होतो. एका मोसमात पट्टीवर नखाला लागेल अशी चर पडली. म्हणजे कोरडं ठेवलं तर कळकतं, माखलं तर घासतं. यातून मला तरी वाट सापडली नाही.

शेवटी मी वैतागलो तो या हिशोबाने. बॉडी काढा, दांडा सोडवा, पट्टी उचला, घासा, स्पिरिटने पुसा, परत जोडा, ट्रिम (ट्रिगर सोडल्यावरची मधली जागा) जुळवा: पाऊण तास. गाडी चालते दहा-बारा मिनिटं, तेवढ्यात बॅटरी संपते. आई ओटीवर बसून बघायची. एकदा म्हणाली, "ही गाडी धावते कमी नि न्हाते जास्त." त्याच आठवड्यात ईएससी मागवली.

माझा आतेभाऊ कराडला असतो. त्याच्याकडेही हॉर्नेट, तोच मूळ कंट्रोलर. तो वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत पट्ट्या पुसतो. "तू उगाच बाऊ करतोस रे," म्हणाला. मे महिन्यात तो गाडी घेऊन आमच्याकडे राहायला आला. दहाव्या दिवशी माझं खोडरबर मागत होता. याला कुणी मोजमाप म्हणणार नाही, पण मला तेवढं पुरलं. घाटावर राहत असाल तर माझं पुढचं म्हणणं थोडं कमी करून वाचा.

मी लावली ती हॉबीविंगची क्विकरन 1060, ब्रश मोटारची. डबी बंद, आतली सर्किटची पाटी हवेला लागतच नाही. पहिल्यांदा ट्रिगर हलकेच ओढला तर गाडी मुंगीच्या पावलांनी सरकली. इतकी हळू ती माझ्या हातात कधी चालली नव्हती. रिसीव्हरला याच डबीतून करंट मिळतो, म्हणून चार सेलची ती डबीही गेली. हे मला वाटलं होतं त्याहून मोठं सुख निघालं. पूर्वी मांडवीला एकदा रिसीव्हरचे सेल मध्येच बसले. सर्व्हो होता तिथेच थांबला, म्हणजे पूर्ण वेगावर, आणि गाडी सरळ लाटेत गेली. घरी आणून बादलीभर गोड्या पाण्यात बुचकळली म्हणून वाचली.

खोट नाही असं नाही. मेली तर मेली. उघडून काही करता येत नाही, दुसरी मागवायची आणि कुरिअरची वाट बघायची. रिव्हर्स घेताना आधी ब्रेक लागतो, मग मागे जाते, त्याला हात बसायला वेळ लागतो. आणि डबी कितीही बंद असली तरी तिच्या वायरी, प्लग आणि स्विच उघडेच. तिथे हिरवं येतंच, फक्त चार ठिकाणी पुसायचं असतं, आणि या जागा न सरकणाऱ्या असल्याने तिथे ग्रीस चालतं. मोटारच्या ठिणग्यांचा रेडिओला होणारा त्रास अडवणारे, मोटारवरचे 0.1 मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर मात्र जुने झाले म्हणून काढून टाकू नका. तुटके असतील तर नवे लावा.

बॅटरी लायपो (लिथियम पॉलिमर) घ्यायची असेल तर प्रश्नच मिटला. मेकॅनिकल कंट्रोलरला खालचा कट-ऑफ नसतो, सेल तीन व्होल्टच्या खाली गेला तरी तो ओढतच राहतो. ईएससीवर जंपर (बॅटरीचा प्रकार निवडायची छोटी टोपी) लायपोकडे करायला विसरू नका एवढंच. मी सहा सेलची 7.2 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइडच वापरतो. जुन्या गिअरबॉक्सला ती मानवते, आणि घरात लायपो सांभाळायचा माझा स्वभाव नाही.

रेडिओबद्दल फार बोलत नाही. 27 मेगाहर्ट्झचा जुना सेट शोभेला छान, पण किनाऱ्यावर खेळणी विकणाऱ्यांच्या स्वस्त गाड्याही बऱ्याचदा त्याच पट्ट्यातल्या. त्यांनी बटण दाबलं की माझी गाडी मान हलवायची. 2.4 गिगाहर्ट्झ घ्या आणि विषय संपवा.

मग घ्यावं काय? गाडी काचेच्या कपाटात ठेवायची असेल, किंवा महिन्यातून एकदा बंद अंगणात फिरवायची असेल, तर मूळ कंट्रोलर काढू नका. तो काढला की गाडी थोडी मुकी होते, हे मी ईएससी लावूनही म्हणतोय. पण किनारपट्टीवर राहून दर आठवड्याला ती पळवायची असेल, तर मला वाटतं ईएससीच बरी. एक पथ्य पाळा: चॅसिसला भोक पाडू नका, वायरी कापून मूळ भाग निकामी करू नका. माझी ईएससी जुन्या सर्व्होच्या जागी दुहेरी चिकटपट्टीवर बसली आहे. उद्या मन बदललं तर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत.

मूळ कंट्रोलर, रेझिस्टर आणि सर्व्हो मी एका घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेत. गणपतीत डबा उघडून पाहिला. चरीच्या कडेला एक हिरवा ठिपका आला होता. आतेभाऊ म्हणतो, "कराडला पाठव, इथे नीट राहील." अजून पाठवलेला नाही.