पोपडे निघालेत: तेवढीच डागडुजी की भिंत खरवडून नव्याने?

पावसाळा सरला की नाशिकमध्ये घरोघरी एकच घाई असते, दिवाळीच्या आत रंग उरकायचा. रंगारी विचारतो, "तेवढंच मारून घेऊ, की सगळी भिंत खरवडू?" उत्तर देण्याआधी एक पोपडा हातात घ्या आणि उलटा करून बघा.

पाठ स्वच्छ आणि खाली जुना चकचकीत ऑइलपेंट दिसला, तर तो न घासताच वरून रंग मारलेला आहे. जागा थोडी असेल तर डागडुजी पुरते. सुटा रंग काढायचा, खालची चकाकी आणि कडा पॉलिश पेपरने घासायच्या, प्रायमर, लांबी (म्हणजे पुट्टी), पुन्हा प्रायमर. शेवटचा हात मात्र पूर्ण भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या. नाहीतर त्याच डब्यातला रंगसुद्धा ठिगळासारखा दिसतो. ऑइलपेंट २०१७च्या आधीचा असेल तर त्यात शिसं असू शकतं. ओला करूनच घासा, लहान मुलांना लांब ठेवा.

पाठीला पिठासारखी भुकटी लागली, तर खाली जुना डिस्टेंपर किंवा चुना भुसभुशीत झालाय. इथे डागडुजीचे पैसे वाया जातात, कारण आज शाबूत दिसणारा भाग पुढच्या वर्षी सुटतो. धूळ होईल, मजुरी वाढेल, तरी सगळी भिंत खरवडा.

पोपड्यासोबत प्लास्टरची वाळू आली, कापसासारखा खार फुलला, तर मात्र दोन्ही पर्याय बाजूला ठेवा. भिंतीत पाणी आहे. कमरेखालीच ओल असेल तर बहुधा पायातून चढतेय, बाथरूमच्या पाठीमागे असेल तर नळजोडणी तपासा, पश्चिमेच्या भिंतीला असेल तर झडीचं पाणी बाहेरच्या भेगांतून येतंय. आमच्या सिडकोतल्या घरी बाथरूममागची भिंत आम्ही दोन वर्षं रंगवली, दोन्ही वेळा पोपडे आले. तिसऱ्या वर्षी आतला गळका एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणावरचा जोड, बदलला, तेव्हा कुठे थांबले.

आतून वॉटरप्रूफ रंग लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझं मत साफ विरोधात आहे: पाणी मागून येतं आणि रंगालाच ढकलून फुगवतं. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर प्लास्टिक पेंट तर नकोच, तिथे चुनाच बरा.

गळती थांबल्यावर खार कोरड्या ब्रशने झाडा आणि फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. दिवाळी तशीच जाऊ द्या, रंगाऱ्याला जानेवारीत बोलवा.