फायब्रॉइडची गाठ हृदयापर्यंत: ऑपरेशन एकदाच की दोनदा?

मावशीची गर्भपिशवी फायब्रॉइडमुळे, म्हणजे तिच्या स्नायूंत वाढणाऱ्या साध्या गाठीमुळे, सात वर्षांपूर्वीच काढली होती. त्यामुळे कोथरूडला केलेल्या इकोत हृदयाच्या उजव्या कप्प्यात लांबट काहीतरी हलताना दिसलं, तेव्हा पोटाशी त्याचा संबंध कोणीच लावला नाही. गुठळी समजून रक्त पातळ करायच्या गोळ्या झाल्या, पण गाठ तसूभरही घटली नाही. सीटीत मात्र ओटीपोटापासून हृदयापर्यंत एक सलग दोरी दिसली.

याला इंट्राव्हेनस लिओमायोमॅटोसिस म्हणतात. फायब्रॉइडसारख्याच स्नायूपेशी शिरेत शिरतात आणि पोटातल्या मोठ्या नीलेतून वर सरकतात. हा कॅन्सर नाही. पण दोरीने झडप अडवली तर माणूस कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ‘साधी गाठ आहे, दिवाळीनंतर बघू’ असं कृपा करून करू नका.

ऑपरेशन एकाच वेळी करायचं तर छाती आणि पोट दोन्ही उघडतात, हार्ट-लंग मशीन लावतात. गाठ बहुधा शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते, म्हणून अख्खी निघू शकते आणि मागे काही वाढत राहत नाही. धोका रक्तस्रावाचा: मशीनसाठी हेपॅरिन देतात, रक्त गोठत नाही आणि त्याच वेळी पोटात मोठी जखम असते.

दोन टप्प्यांत आधी हृदयातला भाग काढतात, काही आठवड्यांनी पोटातला. वय झालेल्या, अशक्त पेशंटला हे झेपतं. पण मधल्या काळात उरलेला भाग वाढू शकतो, आणि छातीचे टाके सोसलेल्या बाईला पुन्हा टेबलावर जायला तयार करणं फार अवघड असतं.

काही मोजक्या पेशंटमध्ये टोक बारीक आणि मोकळं असेल तर पोटातूनच ओढून काढतात.

तब्येत धड असेल तर मी एकदाच करा म्हणेन, पण हृदयाचे, रक्तवाहिन्यांचे आणि स्त्रीरोगाचे सर्जन एकाच टेबलाशी उभे राहणार असतील तरच. पुण्यात फाइल घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरण्याआधी हेच विचारा. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी १०-१० टक्के खाटा राखीव असतात. भरती होण्याआधीच तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन या.

आणि बीजकोशांचं विचारा. ही गाठ बीजकोशांत तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसते, बीजकोश ठेवले तर परत येण्याची शक्यता वाढते. मावशीचे पहिल्या वेळी ठेवले होते. या वेळी तिने स्वतःच सांगून काढून घेतले.