टेबल, फोन की मोठी वेबसाइट? हाताने केलेल्या वस्तू पहिल्यांदा विकायला काढताना

खारीगावची एक मुलगी गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. क्रोशाच्या पर्स, छोट्या बाहुल्या, दोन तोरणं, सगळं एका कापडी पिशवीत भरून. काम सुबक होतं. हाताशी पाच हजार रुपये होते आणि डोक्यात एकच प्रश्न. "ताई, प्रदर्शनात टेबल घेऊ, की इन्स्टावर पेज काढून घरूनच विकू? मैत्रीण तर म्हणते, थेट मोठ्या वेबसाइटवरच टाक."

मी आठ वर्षं ठाण्यात खणाच्या आणि पैठणीच्या कापडाचे पाऊच, बटवे, तोरणं करून विकते. या तिन्ही वाटांनी जाऊन आले आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. माझं मत आधीच सांगते: पहिला हंगाम टेबलावर काढा. त्यात पैसे फारसे सुटत नाहीत, तरीही.

हिशोबच बघा. माझा पाऊच १८० रुपयांना जातो. कापड, अस्तर, चेन, दोरा मिळून ६० आणि माझ्या हाताचे ८०. ही मजुरी धरायला लाजू नका, नाहीतर वर्षभर फुकट शिवत बसाल. उरले ४०. नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांच्या टेबलाचं भाडं ३,००० होतं. आम्ही दोघींनी अर्धं अर्धं घेतलं, म्हणजे माझ्या वाट्याला १,५०० आले. नुसतं भाडं निघायला ३८ पाऊच विकले गेले पाहिजेत. रिक्षा आणि दोन दिवसांचं खाणंपिणं त्यावर.

मग टेबल कशासाठी? सांगते. त्याच प्रदर्शनात पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझी भवानीसुद्धा झाली नव्हती. एक काकू थांबल्या. त्यांनी पाऊच उचलला, पुढची बाजू धड पाहिलीही नाही. सरळ उलटा केला आणि अस्तराच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. चेन तीनदा मागेपुढे केली. मग आपला फोन काढला, जाड कव्हर घातलेला, आणि आत सरकवून पाहिला. बसला नाही. "छान आहे गं, पण फोन मावायला हवा," म्हणून त्या पुढे गेल्या. संध्याकाळपर्यंत आणखी चार जणींनी तेच केलं. पुढच्या खेपेला मी पाऊच दोन बोटं जास्त रुंद कापला आणि तो आजतागायत माझा सगळ्यात जास्त खपणारा नग आहे. इन्स्टावर त्याच पाऊचच्या फोटोला पन्नास लाइक आले होते. फोन मावत नाही, हे एकीनेही लिहिलं नव्हतं.

किंमतही टेबलावरच ठरते. बाई वस्तू हातात घेते, किंमत विचारते आणि ऐकल्यावर ती खाली कशी ठेवते ते बघा. पटकन ठेवली तर भाव चढा वाटलाय. घुटमळली तर रंग दुसरा हवाय. "जरा फिरून येते" म्हणणाऱ्या दहांतल्या एकदोघी खरंच परत येतात. त्या काय विचारत होत्या ते वहीत टिपून ठेवा.

टेबल घ्यायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. सुरुवात सोसायटीच्या किंवा मंडळाच्या हॉलपासून करा. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत सणांच्या आधी असे मेळे भरतात. ठाणे स्टेशनजवळच्या गावदेवी मैदानावरच्या प्रदर्शनात येता-जाता लोक डोकावतात, पण त्यांना गाडी पकडायची असते, तिथे दोनशेच्या आतली वस्तू चालते. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. तिथे येणारा माणूस हातकाम बघायलाच आलेला असतो, त्याला हजाराची वस्तू दाखवायची भीती वाटत नाही. वाशी स्टेशनजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रासारख्या मोठ्या ठिकाणी पहिल्या वर्षी जाऊ नका, अर्ध्या टेबलाचा माल तिथे दिसतही नाही. आणि पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा, माझ्यासारखाच माल किती जणींचा आहे? मी एकदा हे विचारलं नव्हतं. एकाच रांगेत खणाची पाच टेबलं लागली होती आणि दोन दिवस आम्ही पाचही जणी एकमेकींचा भाव पाडत बसलो.

फोनवरची विक्री मला मनापासून आवडते, पण ती टेबलाच्या पाठोपाठ आली तर. टेबलावर आलेल्या बाईचा नंबर तिला विचारून घेतला, महिन्यातून एकदा नवे नग पाठवले, तर ती पुन्हा घेते. वाणाच्या ऑर्डरी मला अशाच मिळाल्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, एकेक जण पंचवीस, पन्नास नग उचलते. नगामागे तीसचाळीसच्या वर मात्र जात नाही. त्यासाठी नोव्हेंबरातच दोनतीन नमुने पाठवायचे आणि निम्मे पैसे आधी घ्यायचे.

अनोळखी माणसाला फोनवरून विकणं वेगळं. धूपछाव, म्हणजे आडव्याउभ्या धाग्यांचे रंग वेगळे असलेला खण ट्यूबलाइटखाली टिपला तर जांभळा निळाच दिसतो, मग "फोटोत वेगळा होता" हे ऐकावं लागतं. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी, फिल्टर न लावता फोटो काढा आणि एक फोटो वस्तू हातात धरलेला असू द्या, म्हणजे आकार कळतो. दुसरी अडचण कुरिअरची. १८० च्या पाऊचवर ६०-७० रुपये कुरिअरचे द्यायला कोणी तयार होत नाही. माझा साधा नियम असा की पाचशेच्या आतली वस्तू टेबलावर किंवा हातोहात, त्यावरची कुरिअरने. छोट्या वस्तू पाठवायच्याच असतील तर तीनचा संच करा.

अमेझॉनचा 'कारीगर' किंवा फ्लिपकार्टचा 'समर्थ' उपक्रम कारागिरांसाठी आहे, आणि गिऱ्हाईक तिथे अमाप आहे हे खरं. कागदपत्रांची वाटही सोपी झाली आहे. उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात वस्तू विकायला एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. पूर्वी अशा वेबसाइटवर विकायचं म्हटलं की ती घ्यावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला पॅनवर नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन तिथे माल टाकता येतो. तिथून राज्याबाहेर पाठवायचा तर पूर्ण नोंदणी हवी, आणि मग विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं. पण खरी अडचण मालाची आहे. तिथे एकसारखे तीस नग तयार लागतात. हाताने करणारीकडे एका कापडाचे सहाच निघतात आणि सातव्याची किनार वेगळी येते. परत आलेल्या मालाचा भुर्दंड निराळा. एखादा नग टेबलावर शंभरदा विकला गेला, डोळे मिटून करता यायला लागला, की मगच तो तिथे टाका.

चौथी वाट दुकानात माल ठेवायची, विकल्यावर पैसे. मला विचारणाऱ्यांनी तीस ते चाळीस टक्के मागितले. एका दुकानात वीस तोरणं ठेवली होती, चार महिन्यांनी चौदा परत आली, काचेतल्या उन्हाने घडीवर विटलेली. रोख घेणारा दुकानदार भेटला तर द्या.

त्या मुलीला दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या. बाहुल्या लहान मुलांसाठी म्हणून विकायच्या तर खेळण्यांचा नियम लागतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट मिळते, तेव्हा आधी तिथे नोंद करून 'पहचान' ओळखपत्र काढ. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, आधार क्रमांकावर सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कोणी हजार रुपये मागितले तर देऊ नकोस.

तिने गणपतीआधीच्या शनिवार-रविवारचं अर्धं टेबल घेतलं आहे, भाडं १,२००. बाहुल्या सध्या घरीच राहतील. पर्सचं तोंड मात्र परवाच उसवलं, फोन मावेना म्हणून.