बांधणी उत्तम, पण ‘टक्के कमी करून देण्याची’ सेवा घेऊ नये

बेळगावात वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून बांधून देणारी दुकाने आहेत. त्यांपैकी एकात माझ्या भाचीने यंदा आपला एम. डी.चा प्रबंध दिला. बांधणीविषयी माझी काहीच तक्रार नाही. रेक्झिनचे कव्हर घट्ट, सोनेरी अक्षरे ठसठशीत, तक्ते समासात नीट बसवलेले, आणि खानापूर-निपाणीहून येणाऱ्या मुलांसाठी दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असते.

तक्रार आहे ती दुसऱ्या सेवेची. प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो हे सांगणारा साम्य-अहवाल दुकानानेच काढला, त्यात ३४ टक्के आले, तेव्हा दुकानदार म्हणाले, “डॉक्टर, दहाच्या आत आणून देतो की, काळजी सोडा.” पैसे घेऊन त्यांनी ७ टक्क्यांची फाइल परत दिली. ती वाचताना मी तिसऱ्याच पानावर थबकलो, कारण ‘किडनी फेल्युअर’च्या जागी तिथे ‘किडनी डिसअपॉइंटमेंट’ असे होते. शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर फिरवला की असे होते. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बुझम पेरिल’ (‘छातीचा धोका’) झालेले शोधनिबंधही प्रसिद्ध झालेले आहेत, आणि अशी मोडतोड केलेली शब्दरूपे फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ ग्योम काबानाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उजेडात आणली. ज्या लिखाणावर उद्या कुणाचे उपचार अवलंबून असू शकतात, त्यात हे चालवून घेणे मला अक्षम्य वाटते.

वास्तविक या खटाटोपाची गरजच नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित प्रबंध देता येतो, आणि नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर. शिवाय संदर्भसूची या मोजणीतून वगळायची असते. दुकानाच्या अहवालात ती धरलेली होती, हे महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी अहवाल उघडताच दाखवले. ती वगळल्यावर २१ टक्के उरले, बहुतेक सगळे पूर्वसंशोधनाच्या प्रकरणातले. तिथे मात्र दोष भाचीचाच होता: काही परिच्छेद मूळ लेखकांचा उल्लेख न करता जसेच्या तसे उतरवलेले होते. अशा परिच्छेदांचे शब्द बदलले तरी श्रेय न देता घेतलेले निष्कर्ष हे वाङ्मयचौर्यच राहते. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दिसत नाही, इतकेच.

तिने मूळ निबंध पुन्हा वाचून ते प्रकरण अकरा दिवसांत नव्याने लिहिले. बांधायला प्रबंध त्याच दुकानात दिला, पण या वेळी वर्ड फाइल न देता फक्त पीडीएफ दिली.